बेळगावचं झालं ‘ळग’, खानापूर गेलं कुठे? सामाजिक शास्त्रांच्या वर्गासाठी गूगल कोलॅब

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा भूगोलात संशोधन करणाऱ्यांना संगणकावरचं जड काम शिकवायचं असेल, तर पहिली पाटी म्हणून गूगल कोलॅबची, म्हणजे ब्राउझरमधून कोड चालवू देणाऱ्या गूगलच्या सेवेची, मोफत आवृत्ती घ्यावी का? घ्यावी. पाचपैकी साडेतीन गुण द्यायला हरकत नाही. उरलेला दीड गुण का कापला तेच इथे सविस्तर लिहितोय. ज्या खोड्यांसाठी तो कापला त्या आधीच माहीत असल्या तर पाच दिवसांचा वर्ग नीट पार पडतो. माहीत नसल्या तर दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मी मुलं ‘माझी फाइल कुठे गेली’ म्हणत बसतात.

या भागातल्या संशोधकाकडे माल कसा असतो ते आधी बघू. निपाणीच्या विडी कामगार बायकांच्या मुलाखती मराठीत, मध्येच चार वाक्यं कानडीत. ग्रामपंचायतीचे ठराव कन्नडमध्ये. जुनी वर्तमानपत्रं मराठीत, स्कॅन केलेली. जनगणनेचे तक्ते इंग्रजीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची फाइल स्टेटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या रूपात. एक्सेलची एक शीट १०,४८,५७६ ओळींवर थांबते आणि ध्वनिफितींपुढे तर एक्सेलचं काहीच चालत नाही. त्यामुळे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली, आणि पायथन चालवायला मशीन आलं. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये बहुधा ४ जीबी मेमरीचे जुने संगणक असतात. कोलॅबचा खरा फायदा इथे आहे. काम गूगलच्या सर्व्हरवर चालतं, आपल्याकडे फक्त ब्राउझर लागतो. खानापूरहून आलेल्या मुलीचा जुना लॅपटॉप आणि शहरातल्या मुलाचा नवा कोरा लॅपटॉप या वर्गात एकाच पातळीवर येतात. काहीही बसवावं लागत नाही, आणि इन्स्टॉलेशनमध्ये पहिला अख्खा दिवस जाण्याची सवय असलेल्या प्रशिक्षकाला याची किंमत चांगली कळते.

मोफत आवृत्तीत साधारण १२ ते १३ जीबी मेमरी मिळते. जीपीयू (जड गणितं झपाट्याने करणारा प्रोसेसर) मिळाला तर बहुधा टी-४, म्हणजे १६ जीबीचा. तो मिळेलच अशी हमी नाही. एक सत्र जास्तीत जास्त १२ तास चालतं, तेही उपलब्धता बघून, आणि बराच वेळ हालचाल नसेल तर त्याआधीच बंद पडतं. सत्र बंद झालं की त्या मशीनवर ठेवलेल्या फाइली पुसल्या जातात. नोटबुक, म्हणजे कोड लिहिलेली फाइल, राहतं, कारण ते गूगल ड्राइव्हवर असतं. डेटा मात्र जातो. हा फरक पहिल्या तासालाच पाटीवर लिहून ठेवावा: नोटबुक ड्राइव्हवर, डेटा भाड्याच्या खोलीत. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे वीज गेली किंवा मोबाइलचं नेटवर्क तुटलं तर काम तत्क्षणी मरत नाही, पण परत जोडायला उशीर झाला तर सगळं पहिल्यापासून. म्हणून प्रत्येक मोठ्या पायरीनंतर निकाल ड्राइव्हवर लिहायची सवय लावावी. शंभर मुलाखती असतील तर प्रत्येक मुलाखत संपताच तिची फाइल जतन करायची आणि सुरुवातीला ‘ही आधी झाली आहे का’ एवढं तपासायचं. हा चार ओळींचा कोड पुढचे दोन दिवस वाचवतो.

ड्राइव्हवरून थेट वाचायलाही मर्यादा आहे. एकाच फोल्डरमध्ये हजारो छोट्या फाइली असतील, उदाहरणार्थ वर्तमानपत्राची पानं, तर ड्राइव्ह जोडतानाच वेळ संपल्याची चूक येते किंवा वाचन मुंगीच्या पावलांनी होतं. सगळ्यांची एक झिप करून ती सत्राच्या मशीनवर आणायची आणि तिथे उघडायची. ड्राइव्हची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल व फोटोंसोबत वाटून मिळते, हेही लक्षात ठेवावं. बऱ्याच जणांची ती आधीच लग्नाच्या फोटोंनी भरलेली असते.

आता मेमरी. सामाजिक शास्त्रांच्या वर्गात हा धडा कोणी घेत नाही, आणि सत्र सगळ्यात जास्त वेळा कोसळतं ते यामुळेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती आहेत आणि त्या फाइलीला हजारो रकाने आहेत. ४,००० रकाने धरले आणि प्रत्येक आकड्याला ८ बाइट धरले तर ७,२४,११५ गुणिले ४,००० गुणिले ८, म्हणजे सुमारे २३ जीबी. मशीनकडे आहेत १३. फाइल उघडायचा हुकूम दिला की थोडा वेळ चक्र फिरतं आणि ‘सत्र कोसळलं’ अशी पाटी येते. विद्यार्थ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. हाच गुणाकार फाइल उघडण्याआधी कागदावर करायला लावा. मग लागणारे २० रकाने तेवढे मागवा: ७,२४,११५ गुणिले २० गुणिले ८, सुमारे ११६ एमबी. पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीत स्टेटा वाचणारं फंक्शन आहे. त्याला रकान्यांची यादी देता येते, ती द्यायची, आणि फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचायची, कारण ते फंक्शन आधी सगळे रकाने वाचतं आणि मग लागणारे ठेवतं. वर्गवारीची नावं जोडायचं काम तूर्त बंद ठेवायचं, आणि वाचून झालं की लगेच पार्के या आटोपशीर प्रकारच्या फाइलमध्ये जतन करायचं. पुढच्या वेळी तीच फाइल काही सेकंदांत उघडते. ‘मोठा डेटा’ म्हणून घाबरणाऱ्या मुलांची भीती या एका गुणाकाराने जाते. मशीन लर्निंगच्या दहा स्लाइडांपेक्षा हा गुणाकार आधी घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

त्याच फाइलीत वजनाचा रकाना (शरीराचं वजन नव्हे, नमुन्यातल्या प्रत्येक मुलाखतीला हिशेबात किती भार द्यायचा तो आकडा) दशांश चिन्हाशिवाय दिलेला असतो. तो १० लाखांनी भागल्याशिवाय वापरायचा नाही. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची, म्हणजे पीएलएफएसची तऱ्हा वेगळी. त्याच्या बऱ्याच वर्षांच्या फाइलींत एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने सारखे असतील तर मल्टिप्लायर, म्हणजे तिथलं वजन, १०० ने भागायचा, नसतील तर २०० ने, आणि वर्षाचा अंदाज हवा असेल तर तिमाहींच्या संख्येनेही. सोबतची माहितीफाइल वाचल्याशिवाय यातलं काही कळत नाही. वजन विसरलं तरी संगणक तक्रार करत नाही, तो खुशाल चुकीची टक्केवारी देतो. जुन्या नमुना-रचनेत या सर्वेक्षणाचे अंदाज राज्य आणि त्याखालच्या मोठ्या विभागांपुरतेच भरवशाचे असतात. बेळगाव जिल्हा कर्नाटकाच्या अंतर्गत उत्तर विभागात मोडतो. निपाणी आणि कागलच्या बेरोजगारीची तुलना त्यातून काढून दाखवणारा प्रबंध दिसला तर तो परत पाठवावा. कितीही ताकदीचं मशीन लावलं तरी नमुन्यात नसलेली माहिती त्यातून निघत नाही.

जनगणनेचे तक्ते सीमाभागाच्या अभ्यासकाला लागतातच, विशेषतः मातृभाषेचा सी-१६ क्रमांकाचा. इथे तीन खड्डे आहेत. पहिला नावांचा. २०११ च्या फाइलीत जिल्हा ‘बेलगाम’ या इंग्रजी स्पेलिंगने आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून नाव अधिकृतपणे बेळगावी झालं, त्यामुळे नंतरच्या फाइलींशी नावावरून जोड लावली तर जिल्ह्याच्या ४७,७९,६६१ लोकांची ओळ गुपचूप गळते. २०११ मध्ये जिल्ह्याचे १० तालुके होते, सौंदत्ती तिथे ‘परसगड’ नावाने आहे, आणि निपाणी स्वतंत्र तालुका नसून चिकोडीत आहे. जोड नेहमी कोडवरून लावायची. दुसरा खड्डा त्या कोडचाच. २०११ चा तालुक्याचा कोड पाच आकडी असतो आणि त्याच्या सुरुवातीला शून्य असतं. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) वाचताना पांडाज त्याला संख्या समजून शून्य उडवतो. वाचतानाच तो रकाना मजकूर म्हणून वाचायला सांगायचं. तिसरा खड्डा सगळ्यात फसवा आहे. सी-१६ मध्ये प्रत्येक भाषेची एक एकूण ओळ असते आणि तिच्याखाली त्या भाषेत मोडणाऱ्या मातृभाषांच्या ओळी. कोडच्या शेवटी तीन शून्यं असली की ती एकूण ओळ. सगळा रकाना बेरजेला घातला तर लोकसंख्या दुप्पट होते. मराठी-कन्नडच्या आकड्यांवरून आपल्याकडे किती तापतं हे सांगायला नको. तिथे दुप्पट बेरीज छापून आली तर माघार घेणं अवघड जातं.

आता मजकुराकडे. शीर्षकातला ‘ळग’ इथला आहे. मराठी बातम्यांत कुठले शब्द किती वेळा येतात हे मोजायला बहुतेक जण सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीतलं काउंट-व्हेक्टरायझर घेतात, कारण सगळ्या इंग्रजी धड्यांत तेच असतं. त्याचा शब्द ओळखायचा मूळ नियम असा: ‘अक्षर’ समजल्या जाणाऱ्या किमान दोन चिन्हांचा सलग गट म्हणजे शब्द. पायथनच्या नेहमीच्या नियमांत देवनागरीची काना-मात्रा-वेलांटी ‘अक्षर’ धरली जात नाही. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. ‘बेळगाव’ तुटून ब, ळग आणि व असे तुकडे होतात. एकटी अक्षरं गळतात आणि यादीत उरतं ‘ळग’. ‘कारवार’चं ‘रव’ होतं, ‘बिदर’चं ‘दर’. ‘खानापूर’ आणि ‘निपाणी’त तर मात्रेशिवाय सलग दोन अक्षरं कुठेच नाहीत, म्हणून ती गावं यादीतून पूर्ण नाहीशी होतात. चूक म्हणून काही दिसत नाही. आलेख निघतो, शब्दांचा ढगही निघतो, विषयांची वर्गवारीही निघते, आणि सगळंच खोटं. ‘दर’ हा शब्द खूप वेळा आला म्हणून बातम्यांत महागाईची चर्चा फार आहे असा निष्कर्ष काढणारा माणूस प्रत्यक्षात बिदर मोजत असतो.

उपाय सोपा आहे. शब्दाचा नमुना आपण स्वतः द्यायचा: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक लिपीच्या चिन्हांना जे क्रमांक देतो त्यांत, देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ, कन्नडचा ०सी८० ते ०सीएफएफ, यांतल्या चिन्हांचा सलग गट. देवनागरीच्या पट्ट्यात दंडही येतो, तो आधी काढून टाकायचा. त्याआधी युनिकोडचं एकरूपीकरण करायचं, आणि अॅ हे अक्षर वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिलं गेलंय का, ‘ऱ्या’मध्ये कुठे अदृश्य जोडचिन्ह आलंय का, हे तपासायचं. डोळ्यांना एक दिसणारे दोन ‘ॲसिड’ संगणकाला दोन वेगळे शब्द असतात. वर्गात हा प्रयोग वीस मिनिटांत होतो. आधी मोडलेली यादी पडद्यावर दाखवा, मुलांना आपापलं गाव शोधायला सांगा. गाव सापडत नाही म्हटल्यावर जो प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात, त्यातून पुढचा सगळा धडा उलगडतो.

आलेखाचंही असंच. मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीला देवनागरी फॉन्ट दिला नाही तर अक्षरांच्या जागी चौकोन येतात. दिला तरी आजवरच्या बहुतेक आवृत्त्यांत जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी नीट जुळत नाहीत. ‘चिकोडी’ची वेलांटी च च्या आधी न येता नंतर पडते, ‘हुक्केरी’त पाय मोडलेला क दिसतो. त्याऐवजी प्लॉटली ही दुसरी लायब्ररी वापरावी, कारण तिथे अक्षरं ब्राउझर जुळवतो आणि ती बरोबर येतात. देवनागरी अंकांबद्दलही एक गंमत ध्यानात ठेवावी. पायथनचं पूर्णांक करणारं फंक्शन ‘२५’ ला पंचवीस म्हणून ओळखतं, पण प्रश्नावलीत वय देवनागरी अंकांत भरलं असेल तर पांडाज तो रकाना मजकूर म्हणूनच वाचतो. सरासरी काढण्याआधी तो रकाना हाताने बदलून घ्यायचा.

छापील पानांसाठी टेसरॅक्ट, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारं सॉफ्टवेअर, कोलॅबवर एका ओळीत बसतं. मराठी आणि कन्नडचे भाषासंच वेगळे मागवावे लागतात, मिश्र पान असेल तर दोन्ही एकत्र द्यायचे. स्कॅन ३०० डीपीआयचा हवा. मोबाइलने तिरपा काढलेला फोटो दिला तर कचरा येतो. सरकारी कन्नड पीडीएफमधून मजकूर उचलला आणि अगम्य रोमन अक्षरं आली तर तो नुडीसारख्या जुन्या फॉन्टचा प्रताप असतो. मराठी डीटीपीच्या जुन्या फाइलींत श्रीलिपीने तेच होतं. तिथे उचलण्यापेक्षा पानाचं चित्र करून टेसरॅक्टला देणं बरं.

मुलाखतींसाठी जीपीयू खराखुरा कामाला येतो. व्हिस्पर हे ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं, बोललेलं ऐकून लिहून देणारं एआय प्रारूप टी-४वर व्यवस्थित बसतं. ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर तयार झालं, पण त्यात मराठी-कन्नडचा वाटा नगण्य होता, आणि ते जाणवतं. भाषा आपण सांगितली नाही तर पहिल्या ३० सेकंदांवरून ते भाषा ठरवतं. मुलाखतीची सुरुवात कानडीत झाली तर पुढची मराठी बिघडते, कधी मराठीला हिंदी समजून हिंदी वळणाचं लिहितं. भाषा मराठी म्हणून ठरवून द्यायची, आणि कानडी भाग वेगळे तोडून वेगळे चालवायचे. शांततेच्या जागी एकच वाक्य पुन्हापुन्हा लिहिण्याची त्याची खोड आहे. आवाज नसलेले तुकडे आधी गाळले तर ती बरीच कमी होते. बेळगावी मराठीचा प्रश्न याहून नाजूक आहे. बाई ‘कामाला जायलोय की’ म्हणते तिथे ‘कामाला जातोय’ असं लिहिलं गेलं तर अर्थ राहतो पण बोली जाते. तुमचा विषयच भाषा असेल तर ते चालणार नाही. तीन मुलाखतींतली पाच-पाच मिनिटं हाताने लिहून यंत्राच्या लेखनाशी ताडून बघावीत आणि किती शब्द चुकले ते प्रबंधात छापावं. उताऱ्याचं कन्नड-मराठी भाषांतर हवं असेल तर मद्रास आयआयटीच्या एआयफॉरभारतचं इंडिकट्रान्स२ बघावं. ते २२ अनुसूचित भाषांसाठी आहे.

ध्वनिफीत चढवण्याआधी बारीक करावी. एक तासाची स्टिरिओ, ४४.१ किलोहर्ट्झची फीत सुमारे ६३५ एमबी होते. एकाच वाहिनीवर, १६ किलोहर्ट्झवर आणली की ११५ एमबी. व्हिस्पर नाहीतरी तिला तिथेच आणतं, म्हणून अचूकतेत काही जात नाही. ४ एमबीपीएस वेगाने चढवायला पहिलीला एकवीस मिनिटं लागतात, दुसरीला चार. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरने हे एका ओळीत होतं. वर्गात पंचवीस जण एकाच वाय-फायवर असतील तर हा फरक म्हणजे सकाळचं सत्र होणं किंवा न होणं.

कोलॅब एक गोष्ट मात्र शिकवत नाही: रांगेत उभं राहणं. पुढे खरंच मोठं काम आलं, तर राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतली यंत्रं आहेत. पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्म, बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत परम प्रवेग. बेळगाव या दोन्हींच्या मधल्या हमरस्त्यावर आहे. अशा यंत्रांवर नोटबुकमधले कोडचे चौकोन (सेल) एकेक चालवत बसता येत नाही. संपूर्ण काम एका फाइलीत लिहून, किती मेमरी आणि किती वेळ हवा ते सांगून रांगेत टाकायचं आणि निघून जायचं. कोलॅबची सवय याच्या उलट आहे. चौकोन वर-खाली उड्या मारत चालवले की आज आलेला निकाल उद्या येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी ‘रीस्टार्ट करून सगळं चालव’ हा हुकूम प्रत्येकाने द्यावा. शेवटच्या दिवशी नोटबुकची साधी पायथन फाइल करून एका ओळीत चालवून दाखवावी. लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांची यादीही सोबत जतन करावी, कारण कोलॅब त्या आपल्या सोयीने बदलतं.

कोड लिहून देणारा एआय मदतनीस सेटिंग्जमधून लपवता येतो. पहिले दोन दिवस तो लपवलेलाच बरा. ‘ळग’ची चूक तो हमखास पकडेलच असं नाही, आणि मुलांना ती पकडता यायला हवी. महाविद्यालयाच्या गूगल खात्यावर कोलॅब किंवा ड्राइव्ह प्रशासकाने बंद ठेवलेलं असू शकतं, तेव्हा वर्गाच्या आदल्या आठवड्यात एकदा उघडून बघावं. जीपीयू मिळेनासा झाला तर पर्याय म्हणून कॅगल या तशाच सेवेचं खातं काढून ठेवावं. तिथे आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू मिळतो, पण फोन नंबरची खातरजमा आधी लागते.

राहिला आवाजाचा ताबा. कोलॅबवर चढवलेली मुलाखत आपल्या घरात राहत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आहेच, पण त्याआधी माणसाला दिलेला शब्द आहे. सीमाप्रश्नावर, मालक-मजुरीच्या वादावर किंवा घरातल्या मारहाणीवर बोललेल्या बाईची फीत तिच्या स्पष्ट परवानगीशिवाय तिथे नेऊ नये. अशा फितींसाठी विभागातल्या एखाद्या १६ जीबी मेमरीच्या संगणकावर व्हिस्परची छोटी आवृत्ती रात्रभर चालवावी. वेळ जास्त लागतो, चुकाही थोड्या वाढतात, पण फीत कुठे आहे हे सांगता येतं. जे ड्राइव्हवर न्यायचं त्यातली नावं, गल्ली आणि गाव आधी बदलावं, आणि बदलाची यादी वेगळ्या पेन ड्राइव्हवर विभागाच्या कपाटात ठेवावी.